दाब, धर, सोड

१

ट्रक बंद पडलेला नव्हता, बंद ठेवलेला होता. हा फरक आई प्रत्येकाला समजावून सांगायची. "बंद पडलेली गाडी दुरुस्त करतात. बंद ठेवलेल्या गाडीला हात लावायचा नसतो." आप्पा हॉस्पिटलात गेले आणि तिथून कुणाशी एक शब्दही न बोलता कायमचे गेले. दुसऱ्याच दिवशी आईनं घरामागच्या पत्र्याच्या शेडला कुलूप ठोकलं आणि किल्ली उशीखाली घातली. ट्रकला ती आयुष्यभर 'सवत' म्हणत आली होती. नवरा मेला म्हणून सवत काही परकी होत नाही, एवढंच तिचं म्हणणं.

पण शेडची जागा दुसऱ्याची होती आणि त्याला आता ती मोकळी हवी होती. जुन्या गाड्या जमवणारा एक शौकीन माणूस ट्रक न्यायला तयार झाला. त्याची अट एकच होती. ओढून, ढकलून आणलेली गाडी त्याला नको होती. ती इंजिन चालू असताना शेडबाहेर यायला हवी आणि स्वतःच्या बळावर त्याच्या ट्रेलरवर चढायला हवी.

म्हणून बहीणभाऊ एकत्र आले. नाहीतर दोघांचं दार एकमेकांना बंदच होतं.

बहीण ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. सगळे तिला मास्तरीण म्हणत. आप्पांच्या शेवटच्या आजारपणात उशापायथ्याशी तीच होती. भाऊ बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. लहानपणी अंगानं काडी म्हणून नाव पडलं बारक्या, आणि आता शर्टाची बटणं जीव मुठीत धरून असली तरी बारक्या तो बारक्याच. आजारपणात तो एकदाही फिरकला नव्हता. मास्तरणीनं त्याबद्दल त्याला कधी विचारलं नाही, आणि माफही केलं नाही.

"ताई, एक सांगून ठेवतो," शेडचं दार सरकवायच्या आधी तो म्हणाला. "चावी लावून बघू, असं कुणी म्हणायचं नाही. इतकी वर्षं उभ्या गाडीला आधी स्टार्टर मारणारा गाढव असतो. गंजलेलं इंजिन एका झटक्यात वाकतं. मी सांगेन तेव्हा, सांगेन तेवढंच."

"बापावर गेलास अगदी," मास्तरीण म्हणाली.

त्याला ते लागलं, आणि लागावं म्हणूनच ती बोलली होती.

आईच्या उशीखालच्या किल्लीनं कुलूप निघालं आणि दार कुरकुरत उघडलं. ट्रक लाकडी ठोकळ्यांवर उभा होता, दाराकडे तोंड करून. शेडची जमीन दाराकडे उतरती होती. बॅटरीनं दगा दिला तर गाडी उतारावर सोडून चालू करता यावी म्हणून आप्पांनीच ती तशी करून घेतली होती. काचांवर धूळ इतकी की बोट टेकवलं तर भोक पडावं. टायर फाटलेल्या पोळीसारखे लोंबत होते. मास्तरीण पायरीवर चढली, केबिनचं दार ओढलं आणि आत डोकावली.

सीटवर धूळ, स्टेअरिंगवर धूळ. गिअरच्या दांड्याला कोळ्यानं जाळी विणलेली. क्लच, ॲक्सिलरेटर, सगळं राखेत बुडवून काढल्यासारखं.

ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र स्वच्छ होतं. काळंभोर आणि मधोमध झिजून चकचकीत, रोज वापरातल्या वस्तूसारखं.

तिनं त्यावर बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही.

"काय झालं?" बारक्यानं खालून विचारलं.

"काही नाही. उंदीर असतील," ती म्हणाली, आणि आपण असं का म्हणालो ते तिलाच कळलं नाही. उंदीर पेडल पुसत नाहीत.

२

पुढचे काही रविवार कामात गेले. बारक्याच्या हाताला शिस्त होती, हे तिला मान्य करावंच लागलं. त्यानं टाकीतलं जुनं डिझेल काढलं तेव्हा ते डिंकासारखं घट्ट झालेलं होतं आणि त्याचा वास डोक्यात जात होता. टाकी धुतली, फिल्टर बदलले. हवेच्या फिल्टरमध्ये उंदरांनी केलेलं चिंध्यांचं घरटं निघालं. डिझेल फवारणारे नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये त्यानं थोडं थोडं ऑइल सोडलं, एक अख्खा आठवडा ते मुरू दिलं, आणि मग समोरून हँडल घालून इंजिन हातानं फिरवून पाहिलं. पहिल्यांदा हललंच नाही. मग पाव वळसा. मग अर्धा. मग आतून एक लांब सुस्कारा आला आणि पूर्ण वळसा बसला.

"जिवंत आहे म्हातारी," बारक्या म्हणाला. त्याच्या तोंडावर क्षणभर हसू आलं आणि ताई पाहतेय हे लक्षात येताच मावळलं.

"आप्पा असते तर..." ती म्हणाली.

"आप्पा असते तर मला दाराबाहेर उभं केलं असतं. 'तुझं काम नाही हे, ताईला बोलव.' विसरलीस?"

ती विसरली नव्हती. आप्पा गाडीखाली झोपायचे आणि ती केबिनमध्ये पेडलवर पाय ठेवून बसायची. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची तर दोन माणसं लागतातच. एकानं वर पेडल मारायचं, एकानं खाली चाकाजवळचा स्क्रू ढिला करायचा. खालून हुकूम यायचा, 'दाब', की दाबायचं. 'धर', की तसंच दाबून धरायचं. तेवढ्यात खाली स्क्रू उघडतो, बुडबुडे निघतात, स्क्रू बंद होतो. मग 'सोड'. वेळेआधी सोडलं की हवा उलटी आत शिरते आणि सगळं मुसळ केरात.

आप्पा मितभाषी होते असं लोक म्हणत. मितभाषी कसले, कंजूष होते. बायकोशी जेवणापुरतं, मुलाशी तेवढंही नाही. मुलीच्या वाट्याला हे तीन शब्द आले. तेही गाडीखालून, आणि गाडीसाठी. तरी तेवढ्यावर ती वाढली. आणि बाहेर दारात उभा राहून ते तीन शब्द ऐकणारा बारक्या मेकॅनिक झाला, तो बापावरच्या रागानं.

३

नवे टायर चढले, ब्रेकच्या नळ्या बदलल्या, आणि हवा काढायचा दिवस उजाडला. ऊन चांगलं तापलं होतं. बारक्या पोट आत ओढत गाडीखाली सरकला. मास्तरीण केबिनमध्ये बसली. लहानपणी तिला सीटच्या कडेवर येऊन पाय ताणावा लागायचा; आता पाय आपसूक पोचला.

"दाब," खालून बारक्या म्हणाला. "दाब. दाब. धर."

ती दाबत होती, धरत होती. पायाखाली पेडल आधी लोण्यासारखं होतं. मागचं डावं चाक झालं, मागचं उजवं झालं. लय लागली. रोज शिकाऊ पोरांना 'ब्रेक, ब्रेक' ओरडून घसा बसलेल्या बाईला दुसऱ्याच्या हुकमात राहणं बरं वाटत होतं. डोकं रिकामं झालं.

"धर," खालून आलं. आणि लगेच, "सोड गं."

तिनं सोडलं.

"ताई!" बारक्या खालून ओरडला. "मी धर म्हणालो ना! स्क्रू उघडा होता! गेली सगळी हवा आत."

"तू सोड म्हणालास."

"मी? मी अजून पाना फिरवत होतो!"

पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा दाब, दाब, धर. ती कान टवकारून बसली. धर नंतर थोडा वेळ शांतता, पान्याचा खडखडाट, आणि मग अगदी टाचेखालून, शांतपणे, "सोड गं."

तिचा पाय आपोआप उचलला गेला. खाली बारक्यानं शिवी हासडली.

तो बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड ब्रेक ऑइलनं माखलं होतं. "तुला करायचंच नसेल तर स्पष्ट सांग. आईच्या बाजूची आहेस तू, ठाऊक आहे मला."

"आणि तू आप्पांची नक्कल करणं बंद कर," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता. रागानं, असं तिनं स्वतःला सांगितलं. "मेलेल्या माणसाची थट्टा करतोस? 'सोड गं' म्हणे. तू मला कधी 'गं' करून हुकूम सोडलायस?"

बारक्यानं बाहीनं तोंडावरचं ऑइल पुसलं. "मी 'सोड' म्हणालोच नाहीये, ताई. 'सोड'पर्यंत पोचलोच नाही. दोन्ही वेळा."

४

मास्तरीण विचार करणारी बाई होती. उगाच घाबरणाऱ्यांतली नव्हती. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमतो. केबिनच्या फळ्यांत फटी आहेत, पेडलची दांडी जिथून खाली जाते तिथं तर हात जाईल एवढं भोक आहे. आवाज तिथून येतो, अडकतो, वेडावाकडा होऊन कानावर पडतो. शिवाय तिच्या डोक्यात तो हुकूम लहानपणापासून कोरलेला. धर म्हटलं की पुढचा शब्द मन स्वतःच बोलत असेल. रोज शिकवताना ती पाहतेच की, माणूस पायानं आधी ऐकतो आणि मग कानानं.

हे सगळं तिला पटलं. संध्याकाळी घरी जायच्या आधी आईसाठी औषध ठेवायला ती आत गेली तेव्हाही पटलेलंच होतं.

आई खिडकीशी बसली होती. तिथून शेड दिसायची. गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिल्यामुळे तिचं सगळं जग त्या खिडकीएवढं झालं होतं.

"होतंय का तुमचं?" आईनं विचारलं.

"ब्रेकचं अडलंय. हवा निघत नाही."

"बारक्याला म्हणावं, जरा सरकून झोप."

"म्हणजे?"

"अंगानं किती सुटलाय तो. ऐसपैस पसरतो मेला. त्याला जागा पुरत नाही खाली." आईनं गोळी तोंडात टाकली आणि पाण्याचा घोट घेतला. "तो डाव्या कुशीवर असतो. मागच्या चाकापाशी."

मास्तरणीनं पेला खाली ठेवला. "कोण, आई?"

आईनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी मुद्दाम वेड पांघरणाऱ्याकडे पाहतं. "तुला ठाऊक नाही? तुलाच तर बोलवायचा तो. जन्मभर तुलाच. माझा कधी पाय लागू दिला नाही त्या केबिनला." ती पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. "आता मी जाते दुपारची. दाब म्हणाला की दाबते. सोड म्हणाला की सोडते. तेवढंच बोलणं होतं."

"तुला उंबरा ओलांडवत नाही आई. त्या पायऱ्या कशा चढतेस तू?"

"चढते," आई म्हणाली. "बोलावलं की चढवतं."

मास्तरणीनं आईचे पाय पाहिले. सुजलेले होते, वळलेले होते. हे पाय संडासापर्यंत गेले तरी नशीब, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. उजव्या तळव्याला, बोटांच्या खाली, गोल आणि टणक घट्टा पडलेला होता.

"झोप तू," ती म्हणाली, आणि दिवा लावून बाहेर पडली. घरी जाईस्तोवर तिनं कुणालाही फोन केला नाही. काय सांगणार होती? आई भ्रमिष्ट झाली, हे सांगता आलं असतं. पण मग घट्ट्याचं काय सांगायचं?

५

पुढच्या रविवारी तिनं बारक्याला सांगितलं, "तोंडानं बोलू नकोस. पान्यानं चॅसीच्या लोखंडावर ठोक. एक म्हणजे दाब, दोन म्हणजे धर, तीन म्हणजे सोड."

"बरं सुचलं," तो म्हणाला. भांडणाचा राग त्याच्यात उरला नव्हता, किंवा कामापुढे त्यानं तो गिळला होता. "घुमतं फार इथं."

"बारक्या..."

"हं?"

"जरा उजवीकडे सरकून झोप."

त्यानं विचारलं नाही, का म्हणून. ताई आहे, काहीतरी चाकाबिकाचं बघून बोलत असेल असं त्याला वाटलं असावं. तो सरकला.

ठोके स्वच्छ ऐकू येत होते. एक. एक. एक. दोन. ती पेडल धरून बसली आणि वाट पाहू लागली. शेडमध्ये उन्हाच्या तिरिपी पत्र्याच्या भोकांतून खाली उतरल्या होत्या. बाहेर कुठंतरी कुत्रं भुंकलं.

"सोड गं," टाचेखालून आवाज आला.

ती हलली नाही. दात आवळून बसली. तीन ठोके पडले नव्हते.

"सोड."

यात ओरडा नव्हता, दटावणी नव्हती. आप्पांना कधी दटावावं लागलंच नव्हतं. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायची वेळ घरातल्या कुणी त्यांच्यावर आणली नव्हती. आज पहिल्यांदा ती आणत होती. पोटऱ्या ताठ झाल्या. खूप वेळानं, निदान तिला तरी तसं वाटलं, तीन ठोके पडले आणि तिनं पाय उचलला.

"वा!" खालून बारक्या खूष होऊन म्हणाला. "याला म्हणतात ब्रेक!"

त्या दिवशी चारही चाकं झाली. पेडल दगडासारखं कडक आलं. प्रत्येक वेळी आवाज आला होता, आणि प्रत्येक वेळी तिनं तो ऐकून न ऐकल्यासारखा केला होता. परतताना तिला मोठा पराक्रम केल्यासारखं वाटत होतं, आणि रडूही येत होतं. आप्पांचं न ऐकण्याची सोय असते, हे कळायला तिचे केस पांढरे व्हावे लागले होते.

पण एक गोष्ट तिला डाचत राहिली. सोड म्हणायचं ते नेमकं बारक्याचा हात आत असतानाच का? आणि बारक्या जेवायला थांबला, बाहेर आला, अंग झटकू लागला, की गाडीखाली एकदम चिडीचूप का?

६

इंजिन सुरू करायच्या दिवशी आई शेडच्या दाराशी, एका कडेला, खुर्ची टाकून बसली होती. तिथवर ती कशी आली, हे मास्तरणीनं विचारलं नाही आणि बारक्यानंही नाही. त्याला वाटलं ताईनं आणलं, आणि तिनं तसं वाटू दिलं.

ठोकळे निघाले होते, ट्रक आपल्या पायांवर उभा होता, पुढच्या मागच्या चाकांपुढे दगड लावलेले. हँडब्रेकची तार केव्हाच सडून तुटली होती. इंजिन बंद करायची तारही गंजलेली; बंद करायचं तर बोनेट उघडून हात घालायचा. बारक्यानं सगळं दोनदा पाहिलं. ऑइल, पाणी, पट्टा, बॅटरीच्या वायरी. एक फळी आणि ओलं पोतं हाताशी ठेवलं.

"हे कशाला?" मास्तरणीनं विचारलं.

"इंजिन सुसाट सुटलं तर हवेचं तोंड दाबायचं. गुदमरलं की थांबतं." तो आईकडे बघून हसला. "काय आई? सवतीचा आवाज ऐकायचाय ना?"

"मी रोज ऐकते," आई म्हणाली.

मास्तरणीनं पेडल दाबून धरलं, गिअर न्यूट्रल पाहिला आणि बारक्यानं मान हलवल्यावर स्टार्टर दाबला. इंजिन कण्हलं. थांबलं. पुन्हा. तिसऱ्या खेपेला कुठंतरी खोल एक खोकला फुटला, मग दुसरा, सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट आला, आणि ट्रक अंग झटकत जागा झाला. पत्रे थरथरू लागले. धुळीचे लोट खाली आले. बारक्या दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होता, लहान पोरासारखा, आणि ते ऐकू येत नव्हतं. मास्तरीण हसली. तेवढा एक क्षण त्या घराला मिळाला.

बारक्यानं वाकून चाकांपुढचे दगड काढले आणि बाजूला भिरकावले. आता तिनं पाय उचलायचा, आणि गाडी उतारावर आपोआप दाराबाहेर जायची. एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात तो थबकला. मागच्या डाव्या चाकाकडे बघू लागला. तिनं आरशात पाहिलं. चाकाच्या आतून काहीतरी ठिबकत होतं. त्यानं तिला तळहात दाखवला, थांब, धरून ठेव, आणि झटकन खाली सरकला. चालू इंजिनाखाली जायचं नाही, हा नियम त्याचाच होता.

"बारक्या! बाहेर ये!" ती ओरडली. इंजिनानं तिचा आवाज गिळला.

आता सगळी गाडी तिच्या उजव्या पायावर उभी होती.

"सोड गं."

इतक्या गदारोळात तो आवाज यायलाच नको होता. पण आला. इंजिनाच्या वर चढून नाही. इंजिनाच्या खालून, जमिनीला गाल लावून बोलल्यासारखा.

"सोड."

तिनं दोन्ही हातांनी स्टेअरिंग आवळलं. मग डावा पायही उजव्या पायावर ठेवला. थरथरीनं पेडल तळव्याखाली वळवळत होतं. ती खाली पाहणार नव्हती. ती खाली पाहणार नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि तरी तिनं पाहिलं.

पेडलच्या दांडीपाशी, फळीतल्या भोकात, बोटं होती. दोन, कदाचित तीन. तेलानं काळी. ती दांडीवर चाचपडत होती, हळुवार, जसं अंधारात कुणी दाराची कडी शोधावी. बारक्याचे हात तेव्हा मागच्या चाकाशी असायला हवे होते. तिच्या पायापासून ते फार लांब होतं.

"सोड गं. सोड."

"नाही," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. "नाही सोडणार. माझा भाऊ आहे खाली."

बोटं थांबली.

७

बारक्या उजव्या बाजूनं बाहेर आला. उठला, पँटला हात पुसले, आणि आईच्या खुर्चीशेजारी जाऊन उभा राहिला. अंगठा दाखवला. किरकोळ होतं, पान्याच्या एका वळशाचं काम. मग त्यानं हातानं खूण केली, ये. सोड. येऊ दे बाहेर.

तिनं डावा पाय काढला. उजवा तेवढा राहिला.

"धर," खालून आवाज आला.

तिला आधी वाटलं, चुकून ऐकलं.

"धर. धर गं."

हा आवाज वेगळा होता. माणूस तोच, शब्दही जुनाच, पण त्यातला हुकूम गळून पडला होता. दवाखान्यात महिनाभर उशाशी बसून ज्या आवाजाची तिनं वाट पाहिली होती, एकदा हाक मारतील, एकदा काहीतरी मागतील, तो आवाज आता येत होता. आप्पा मागत होते. गाडीखालून का होईना, पण मागत होते.

"धर. धर ना गं. धर."

समोर उजेडात बारक्या हात हलवत होता. हसत होता. बापानं त्याला ज्या दाराबाहेर उभं केलं होतं त्याच दारात उभा राहून तो तिला बोलावत होता.

मास्तरणीनं पाय उचलला.

ट्रक क्षणभर जागीच राहिला. मग पुढे निघाला, सावकाश, आपल्या वजनानं. पुढची चाकं सपाट गेली. मागचं डावं चाक कशावर तरी चढलं. केबिन उजवीकडे कलली, सीटखालून एक लांबट, नरम उंचवटा सरकत गेल्याचं तिला पाठीच्या मणक्यात कळलं, आणि चाक धपकन खाली आलं. आवाज किंचाळला नाही. 'ध'वर होता आणि तिथंच संपला.

ट्रक उन्हात, सपाट अंगणात आला. तिनं ब्रेक दाबला. ब्रेक उत्तम लागला.

बारक्या बोनेट उघडून इंजिन बंद करून आला तेव्हा ती अजून स्टेअरिंग धरून बसली होती. "दगड राहिला वाटतं एखादा," तो म्हणाला. "मागचं चाक उचललं ना?" तो शेडमध्ये बघायला गेला. काढलेले चारही दगड बाजूला भिंतीशी पडले होते. जमीन सपाट होती. ट्रक जिथं उभा होता तिथं ब्रेक ऑइलचे डाग होते आणि एक कोरडा, स्वच्छ पट्टा, माणूसभर लांबीचा, जिथं धूळ बसलीच नव्हती. तो त्या पट्ट्यापाशी बराच वेळ उभा राहिला. त्या दिवसानंतर तो गाडीखाली झोपून काम करायला नाही म्हणू लागला, आणि वर्कशॉपनं त्याला टायरच्या कामावर टाकलं.

मास्तरीण खाली उतरली. आई खुर्चीत बसली होती, शेडच्या रिकाम्या पोटाकडे बघत. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मास्तरीण तिच्यापुढे उकिडवी बसली. आता शिव्या बसतील, शाप बसेल, असं तिला वाटलं. बसला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"आई, तू ऐकलंस?"

आईनं मान हलवली.

"धर म्हणाला," आई म्हणाली. "तुला म्हणाला. मी एवढ्या दुपारी गेले, पाय झिजवले. मला दाब म्हणायचा, सोड म्हणायचा. धर म्हणून एकदाही म्हणाला नाही मला."

ती खुर्चीतून उठायला लागली. मास्तरणीनं आधाराला हात पुढे केला. आईनं तो बाजूला सारला, आणि भिंत धरत धरत, एकेक पाऊल ओढत, एकटीच घराकडे निघाली.